डोळ्याखालचा भोवरा

सारंगखेडा
१८ नोव्हेंबर २०२४

चि. भाग्येशला,

आशीर्वाद आहेतच, पण आधी तुझा कान धरायचाय म्हणून हे पत्र. फोनवर कान धरता येत नाही. आणि फोनवर बोलू तरी काय? तुझे आप्पा समोरच खाटेवर बसलेले असतात. मी "जेवलास का, थंडी आहे का" करते आणि तू तिकडून "हो माय, हो माय" करतोस. नंदीबैल तरी बरा, तो मान तरी हलवतो. म्हणून लिहितेय. तुझी बहीण स्वप्नाली रविवारी नंदुरबारहून येते, ती ह्या पानांचे फोटो काढून तुझ्या मोबाइलवर टाकेल. अक्षर लागलं नाही तर दोष तुझ्या डोळ्यांचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी गेली, माझ्या अक्षराला कोणी नाव ठेवलं नाही. आणि हो, बोलताना मी अहिराणीच बोलते, पण हातात पेन आलं की माझी शाळा भरते. त्याला इलाज नाही.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तू जे सांगितलंस ते मला जसं समजलं तसं लिहिते. चुकलं असेल तर दुरुस्त कर.

तू जनावरांचा डॉक्टर. आयर्लंडची ती परीक्षा दोनदा नापास झालास, तिसऱ्यांदा पास झालास, तेव्हा तिथल्या डॉक्टरांच्या परिषदेने तुला परवाना दिला. परवाना मिळाला म्हणून नोकरी, आणि नोकरी मिळाली म्हणून कामाचा व्हिसा. म्हणजे परवाना गेला की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा गेला, आणि भाग्येशराव सामानासकट नंदुरबार स्टेशनावर. इथपर्यंत बरोबर?

पुढे. एका शाळकरी मुलीसाठी तिचा बाप तट्टू विकत घेत होता आणि तू ते तपासायला गेलास. तिथे घोड्यालाही पासपोर्ट असतो म्हणे. त्यात घोड्याचं चित्र काढलेलं असतं, आणि अंगावरचा केसांचा प्रत्येक भोवरा डॉक्टरने त्या चित्रात फुली मारून दाखवायचा असतो. कशाला, तर ओळख पटावी म्हणून, आपण अंगठा उठवतो तसं. शुभ-अशुभ त्यांच्या गावी नाही. आणि ह्या तट्टाच्या डाव्या डोळ्याखाली भोवरा निघाला. आसूढाळ! आपल्या घोड्यांच्या बाजारात जो बघून गिऱ्हाईक पाठ फिरवतं, ज्या घरात ते जनावर जाईल तिथे रडारड होते म्हणतात, तोच. तू तो पाहिलास, त्याला बोट लावलंस, आणि फुली मारली नाहीस.

"माय, हातच गेला नाही," म्हणालास.

अरे गाढवा! तिथे कोणाला काय त्या भोवऱ्याचं? ती पोरगी तट्टू नेणारच होती. जगात फक्त सारंगखेड्याचाच माणूस ही चूक करू शकतो, आणि तो नेमका माझ्या पोटी यावा?

आता दुसऱ्या डॉक्टरने ते तट्टू पाहिलं, चित्राशी जुळेना, तक्रार झाली, आणि जानेवारीच्या शेवटी परिषदेने तुला बोलावलंय. तुझा वकील म्हणतो, घाईत राहून गेलं असं सांगा, समज देऊन सोडतील. मुद्दाम सोडलं म्हणालात तर डॉक्टरने खोटा दाखला दिला असं होईल, मग परवाना राहीलच असं नाही.

मग विचारतोस काय मला? सांग राहून गेलं म्हणून! त्या परीक्षेसाठी तू रात्रीचा दिवस केलास, तो काय एका फुलीसाठी घालवायला?

आप्पांचं म्हणशील तर मी फोन स्पीकरवर ठेवायला नको होता. ते पणती लावत होते, ती तशीच ठेवून तबेल्याकडे निघून गेले. तेव्हापासून तुझं नाव निघालं की उठतात. मी लक्ष देत नाही.

तुझी,
माय


सारंगखेडा
८ डिसेंबर २०२४

चि. भाग्या,

तुझा निरोप स्वप्नालीने वाचून दाखवला. पान-पानभर मी लिहायचं आणि तू एक ओळ, "आप्पा काय म्हणतात?" वा रे वा. त्यांना विचारायची माझी टाप नव्हती, पण परवा वांग्याचं भरीत केलं होतं, कळण्याची भाकरी होती, माणूस जरा खुशीत दिसला, म्हणून विषय काढला. हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "मी घोडीले डाग दिधा नही, अन येन्ही कागदवर डाग दिधा."

एवढंच. भरीत वाया गेलं.

तेव्हापासून रतन घोडी माझ्या डोक्यातून जात नाही. तुला आठवते का पूर्ण? तू पाचवीत असशील. आप्पांनी उदेसिंग व्यापाऱ्याकडून ते शिंगरू घेतलं तेव्हा अंगावर लोकर इतकी की भोवरा कोणाला दिसलाच नाही. उन्हाळ्यात केस झडले आणि डोळ्याखाली हा दिसला. माझ्या सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पण घोडी काय देखणी होती रे! कानांची टोकं एकमेकांना भिडायची, आणि चाल अशी की वर बसून दुधाची वाटी धरावी.

दत्तजयंतीला आप्पा तिला बाजारात उभी करायचे. तू शाळा बुडवायचास आणि मी, शाळेची बाई, तुला आजारी असल्याची चिठ्ठी लिहून द्यायची. तापीकडून गार वारा यायचा, सगळीकडे लीद, धूळ आणि गुळाच्या जिलेबीचा वास. रतनला नवीन झूल घालून तू तिच्या तोंडाशी उभा, जसा काही तुझाच लिलाव आहे. गिऱ्हाईक यायचं, दात बघायचं, पाय उचलायचं, चालवून बघायचं, खूश व्हायचं. मग आप्पा स्वतःहून म्हणायचे, "दखी ल्या भाऊ, डोयाखाले आसूढाळ शे. मांगेतून म्हनू नका का सांगं नही." झालं! गिऱ्हाईक गेलं. अख्खा बाजार हसायचा त्यांना. उदेसिंग म्हणाला होता, "भाईदासभाऊ, तापलेली सळई एकदा लावा, भोवरा जाईल, जखम झाली होती म्हणून सांगा." कितीतरी जण तसंच करायचे. त्यावर आप्पांनी त्याला चहासुद्धा न देता वाटेला लावलं होतं.

आणि तू काय केलंस, आठवतं? इंदूरकडचा एक शेठ जवळ आला तसा तू रतनचा गाल कुरवाळायला लागलास, आणि तळहात बरोबर त्या भोवऱ्यावर. मी मागे डबा घेऊन उभी होते, मी पाहिलं. आप्पांनीही पाहिलं. "हात काढ भाग्या," म्हणाले. तू काढलास, आणि झुलीत तोंड खुपसून इतका रडलास की जिलेबीसुद्धा खाल्ली नाहीस.

रतन आपल्याकडेच म्हातारी झाली. परभणीला कॉलेजात गेलास आणि पहिल्या सुट्टीत आलास तो घरात पाऊल न टाकता आधी तिच्या छातीला नळी लावायला गेलास. मी दारात तांब्या घेऊन ताटकळत होते. मला फार राग आला होता तेव्हा. आता वाटतं, तसाच ये, लाव कोणाला नळी लावायचीय ती, मी उभी राहीन.

जाऊ दे. बाजार भरायला सुरुवात झालीय. राजस्थान, पंजाबकडून ट्रक येताहेत, आपल्या गल्लीपर्यंत खिंकाळणं ऐकू येतं. माडीवरच्या खोलीला चुना लावून घेतला. उगाच आपलं, उरला होता म्हणून.

तुझी,
माय


सारंगखेडा
२२ डिसेंबर २०२४

चि. भाग्येशला आशीर्वाद.

हे पत्र नीट बसून वाच, चालता-चालता नको.

आप्पा ह्यावेळी बाजारात घोडा घेऊन गेले नाहीत, नुसतेच फिरले. कोणाच्या खाटेवर बस, कोणाच्या घोड्याचे दात बघ. चौथ्या दिवशी दुपारी घरी आले, पाणी प्यायले, आणि भिंतीकडे बघत मला विचारलं, "राही गयं सांगं तर सोडतीन का त्याले?"

मी म्हटलं, वकील तर तसंच म्हणतो.

"मंग लिख त्याले, राही गयं म्हनी सांगी दे."

भाग्या, मी हातातलं सूप खाली ठेवलं. ज्या माणसाने सबंध बाजाराचं हसू सोसलं, पण घोडीला चटका दिला नाही, तो हे सांगतोय! मी म्हटलं, अहो, आणि रतनचं काय मग? तर म्हणाले, "घोडी घोडी व्हती. हाऊ मन्हा पोटना आंडोर शे." आणि धोतराने डोळे पुसले. तू आयर्लंडला निघालास तेव्हा, गाव सोडतोस ह्या रागाने, हा माणूस तुला पोचवायला स्टेशनावर आला नाही. चार वर्षं तू म्हणतोस, आप्पांनी माझं तोंड बघायचं सोडलं. त्याच माणसाचं हे बोलणं आहे. तुला कळावं म्हणून जसंच्या तसं लिहिलंय.

आता माझं ऐक. पहिल्या पत्रात मी म्हटलं राहून गेलं असं सांग. ते मी मागे घेते. रागात लिहिलं होतं, आणि घाबरून. तू खरं सांग. आमच्या गावात भोवऱ्यामुळे जनावराला कोणी घरात घेत नाही, मी लहानपणी हे पाहिलंय, त्यादिवशी माझा हात उचलला नाही, ही माझी चूक झाली, असं सरळ सांग. त्यांना पटो न पटो. राहून गेलं म्हणालास तर सुटशील, पण मग पुढे प्रत्येक दाखल्यावर सही करताना तुला ते आठवत राहील. मी ओळखते ना तुला. चोरून साखर खाल्लीस तरी जेवण जायचं नाही तुला.

परवाना गेला तर गेला. इथे काय जनावरं नाहीत? कालच शहाद्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या कोकिळा मॅडम भेटल्या, म्हणाल्या डॉक्टरची एक जागा रिकामीच पडलीय. मी काही विचारायला गेले नव्हते. पुरुषोत्तमनगरला एका लग्नाला गेले होते, वाटेत दवाखाना लागतो, म्हणून डोकावले.

(पुढचं नंतर लिहितेय.) आत्ता स्वप्नाली फोटो काढायला बसली, पान वाचलं, आणि मोबाइल खाली ठेवून मला म्हणते, "माय, तुले दादा घर पाहिजे, म्हनीसन तू त्याले खरं बोल सांगस." ऐकलंस? पोटची पोर! मी तिला म्हटलं, तीस वर्षं मुलांना खरं बोला शिकवलं ते काय त्यांनी माझ्या घरी राहायला यावं म्हणून? तर म्हणते, "मंग माडीले चुना कसाले लाया?" चुरूचुरू बोलते नुसती. शेवटी फोटो काढला, पण तोंड फुगवून. तू तिचं मनावर घेऊ नकोस.

तुझी,
माय


सारंगखेडा
१४ जानेवारी २०२५

चि. भाग्या,

तिळगूळ घे आणि गोड बोल. इथून कसा पाठवू, फोटोतला घे.

तू खरं सांगायचं ठरवलंस हे स्वप्नालीकडून कळलं. वकील चिडला म्हणे. चिडू दे, त्याचं काय जातंय. घाबरू नकोस. इंग्रजीत सांगताना घाईघाईने बोलू नकोस, तुला लहानपणापासून सवय आहे, शेवटचा शब्द गिळतोस. आसूढाळला त्यांच्या भाषेत शब्द नसेल तर आसूढाळच म्हण आणि समजावून सांग.

इकडे सगळं ठीक. उसाच्या गाड्या कारखान्याकडे चालल्यात, आपल्या वळणावर एक उलटली होती, पोरांची चैन झाली. स्वप्नालीकडे गेले होते तर गावाबाहेर मिरच्यांच्या पथाऱ्या पसरल्यात, सगळं लालच लाल, आणि रिक्षातले आम्ही सगळे एका सुरात शिंकतोय. तू लहानपणी तिथे नाकाला रुमाल लावायचास आणि रुमालातच शिंकायचास. आयर्लंडात मिरची मिळते का रे आपल्यासारखी? का गोड-गोडच खाता सगळं?

गाद्या पिंजून घेतल्या. पिंजारी दारावर आलाच होता, आणि पाव्हणेरावळे येत असतात. आप्पांनी विचारलं, कोण येणारंय? मी म्हटलं, कोणी नाही, तुम्ही तुमचा पेपर वाचा.

सुनावणी झाली की आधी फोन कर. आप्पा समोर असले तरी कर.

तुझी,
माय


सारंगखेडा
१६ फेब्रुवारी २०२५

चि. भाग्येशला अनेक आशीर्वाद,

सुनावणीनंतर तुझा फोन आला तेव्हा मी नुसतं "बरं झालं, बरं झालं" म्हणत राहिले आणि फोन स्वप्नालीकडे दिला. तू म्हणाला असशील, मायला आनंद झाला नाही की काय. झाला. देवाशप्पथ झाला. म्हणून तर लिहायला बसलेय.

तुझं बोलणं स्वप्नालीने मला पुन्हा नीट सांगितलं. तू सगळं खरं सांगितलंस. रतनचं, बाजाराचं, तळहात ठेवल्याचंही सांगितलंस. त्या परिषदेतल्या बाईंनी चष्मा काढून विचारलं, "आणि त्या घोडीला शेवटी कोणी घेतलं का?" तू म्हणालास, नाही, ती आमच्याच घरी मेली. मग ते आत गेले, बाहेर आले, आणि म्हणाले, चूक मोठी आहे, पण माणूस लपवत नाही. परवाना राहील. वर्षभर मोठ्या डॉक्टरच्या हाताखाली काम करायचं, प्रत्येक दाखल्यावर त्यांची दुसरी सही. तुझ्या दवाखान्याचे मालक म्हणाले, असला माणूस आम्ही सोडणार नाही, आणि त्यांनी व्हिसा वाढवायचा अर्ज केला. तोही झाला. पुढे तिथे कायमचं राहायचा कागदही मिळेल म्हणे. फक्त हे वर्षभर गाव सोडून लांब जायचं नाही.

मी गल्लीत पेढे वाटले. शेजारची रुखमाबाई म्हणाली, "मास्तरीणबाई, तुम्हना पोऱ्याले विलायतमा कोनी हलावत नही आते." मी हसले. हसायलाच हवं होतं.

घरी आले तर आप्पा खाटेवर. त्यांच्या हातावर पेढा ठेवला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "खरं बोलना, बरं व्हयनं," म्हणाले. अर्धा पेढा खाल्ला, अर्धा मला दिला. मग म्हणाले, "आते काही येत नही तो."

मी म्हटलं, येईल की, पुढच्या वर्षी सुट्टीला येईल.

"सुट्टीले येस तो पाव्हना ऱ्हास."

मी उठून चहा ठेवायला गेले. चहात साखर टाकली की नाही तेही आठवलं नाही, दोनदा टाकली असावी, पण तुझ्या आप्पांनी तो तसाच पिऊन टाकला. आणि प्यायल्यावर तुला फोन लावून दे म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदा. तू उचलला नाहीस, कामावर असशील. लावतील पुन्हा. उचल.

आता एक सांगायचं राहिलंय. फोनवर सांगितलं असतं तर तुला माझा आवाज ऐकू आला असता, म्हणून लिहिते. स्वप्नाली त्यादिवशी बोलली त्यावर मी तिच्याशी आठवडाभर भांडले. पण भाग्या, मी तुला खरं बोल म्हटलं ते खरंच म्हटलं होतं. तू माझा मुलगा नसतास तरी तेच म्हटलं असतं. आणि ते लिहिताना मला वाटत होतं, हा खरं बोलेल, ते ह्याचा परवाना काढून घेतील, आणि पोर घरी येईल. रोज वाटत होतं. तू खरं बोललास, आणि तेवढ्यासाठीच त्यांनी तुला ठेवून घेतलं. आता मी कोणावर चिडू?

कोणावर नाही. तिथे नीट राहा.

तुझी,
माय